भिगवणला काढलेले फोटो सॉफ्ट येतात, लेन्स बदलू का?

हडपसरी:

नमस्कार मंडळी. पक्ष्यांच्या फोटोंवरचे इथले जुने धागे वाचून काढले, पण त्यातली चर्चा डीएसएलआर नवे होते त्या काळातली आहे आणि निम्मे फोटो आता उघडतही नाहीत. म्हणून नवा धागा.

कॅमेरा निकॉन डी५६००, लेन्स एएफ-पी ७०-३०० डीएक्स व्हीआर. कवडीपाटला काढलेले फोटो मला तरी बरे वाटतात. बंड्या, शेकाट्या, टिटवी, धोबी, सगळे तिथे जवळ बसतात. गेल्या रविवारी उजनी धरणाच्या काठी भिगवणला गेलो, कुंभारगावातून होडी केली. फ्लेमिंगो भरपूर दिसले. घरी येऊन कॉम्प्युटरवर उघडले तर एक फोटो धड नाही. पिसं सुटी दिसत नाहीत, डोळा नुसता ठिपका, पायांच्या कडा फुटलेल्या. निकॉनच्या व्ह्यूएनएक्स सॉफ्टवेअरमध्ये तपासलं, फोकस पॉइंट पक्ष्यावरच आहे.

ऑफिसातला एक जण म्हणतो, तीनशे एमएमवर पक्षी होत नाहीत, सहाशेची लेन्स घे. सेकंडहँडमध्ये निकॉन २००-५०० आणि सिग्मा १५०-६०० कंटेम्पररी असे दोन सौदे समोर आहेत. काय करू?

शटरवाला:

विचारतोस काय, २००-५०० घे. पाचशेलासुद्धा एफ/५.६ मिळतं, सिग्मा तिथे पोचेपर्यंत एफ/६.३ झालेली असते. तुझ्या बॉडीवर ऑटोफोकस चालतो, उद्या मिररलेसवर गेलास तर एफटीझेड अ‍ॅडॅप्टर लावून तीच लेन्स वापरता येते. वजन तेवढं बघ, कॉलरसकट (ट्रायपॉडला लावायचं कडं) २.३ किलो आहे. हातात धरून पाच मिनिटं उभा राहा आणि मग ठरव. सिग्मा दोन किलोच्या आत येते, तो तिचा एक गुण.

सेकंडहँड घेताना मागच्या बाजूने टॉर्च मारून आत बुरशी बघ. झूम रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरव, मध्ये अडकता कामा नये. व्हीआर (थरथर कमी करणारी सोय) चालू केल्यावर चित्र स्थिर होतंय की थरथरतंय तेही बघ.

जुना_चष्मा:

शटरवाला, जरा दमानं. रोगी न तपासता औषध कसलं देताय?

हडपसरी, फोटो किती वाजता काढलेत, शटर-अ‍ॅपर्चर-आयएसओ काय होतं आणि पक्षी अंदाजे किती लांब होते, एवढं सांगा. लेन्सच्या पुढे यूव्ही फिल्टर लावलाय का, तेही.

हडपसरी:

वेळ ११:२० ते १२:१५, पुण्यातून निघायलाच उशीर झाला. १/४००, एफ/६.३, आयएसओ २००. अंतर... नावाडी पुढे नेईना, थवा उठेल म्हणाला. शंभर मीटर तरी असावेत. फिल्टर आहे, दुकानदाराने लेन्सबरोबरच लावून दिला होता.

जुना_चष्मा:

मग लेन्स आरोपी आहे असं मला तरी वाटत नाही. निदान पहिली आरोपी नाही.

तुम्ही भर उन्हात, पाण्याला लागून असलेल्या शंभर मीटर हवेतून फोटो काढताय. गाळ तापलेला, पाणी त्यापेक्षा गार, वर वारा. गरम आणि गार हवा सतत एकमेकींत मिसळत असते आणि दोन्हींतून प्रकाश वेगवेगळा वळतो. डांबरी रस्त्यावर दुपारी लांबचा ट्रक लहरताना दिसतो तेच हे. डोळ्यांना ती हालचाल दिसते म्हणून मेंदू सांभाळून घेतो. कॅमेरा एकच क्षण पकडतो, आणि त्या क्षणी चोचीची कड जिथे सरकलेली असेल तिथेच ती छापली जाते. शटर १/४००० केलं तरी हे जात नाही. सहाशेची लेन्स लावली तर पक्ष्याबरोबर या लहरीही मोठ्या होऊन येतात. गाडीच्या किमतीची प्राइम लेन्स घेऊन बसलेल्यांचेही दुपारचे फोटो असेच, चहाच्या आधणावरून पलीकडे बघितल्यासारखे येतात.

हे ओळखता येतं. एकाच पक्ष्याचे लागोपाठ काढलेले आठ-दहा फोटो एकामागून एक पुढे-मागे करून बघा. एका फ्रेममध्ये मान जाड, दुसरीत पाय वाकडा, तिसरीत डोळा बरा पण चोच गेलेली, असं दर फ्रेमला वेगळं बिघडत असेल तर हवा. सगळ्या कडा एकाच दिशेला ओढल्या गेल्या असतील तर हात किंवा होडी हललेली. पक्ष्याच्या अलीकडचं किंवा पलीकडचं पाणी कडक आणि पक्षी मऊ, तर फोकस चुकलेला. जागेवर तपासायचं तर लाइव्ह व्ह्यू लावून भिंगाच्या बटणाने चित्र मोठं करा. पक्षी उकळताना दिसला तर कॅमेरा खाली ठेवा आणि डोळ्यांनी बघा, तेही सुख काही कमी नाही.

हा प्रकार फक्त दुपारी होतो असंही नाही. कडाक्याच्या थंडीत पहाटे पाणी हवेपेक्षा उबदार असतं, तेव्हाही पाण्याला लागून थरथर असते. आणखी एक ठिकाण म्हणजे स्वतःची गाडी. हिवाळ्यात माळरानावर गाडीतून फोटो काढताना आतली गरम हवा खिडकीतून बाहेर पडत असते आणि लेन्स नेमकी तिच्यातून बघत असते. काचा आधीच उघडून आतली-बाहेरची हवा सारखी होऊ द्या, इंजिन बंद ठेवा. बॉनेटवरून तर फोटो काढूच नका.

आता तुमचं शटर. तीनशे एमएम तुमच्या सेन्सरवर ४५० चं दृश्य देते. हलत्या होडीत त्याला १/४०० कमीच पडतं. आयएसओ २०० ठेवून काय वाचवलंत? ८०० करून १/१६०० ला काढायला हरकत नव्हती. व्हीआर तुमच्या हाताची थरथर कमी करतो, पक्ष्याची मान हलते ती त्याला थांबवता येत नाही.

घरी एक चाचणी करा. सकाळी लवकर, सावलीत, गाडीची नंबरप्लेट, अंतर पंधरा-वीस मीटर, लेन्स ३०० वर, कॅमेरा भिंतीवर टेकवलेला. आधी फिल्टर लावून काढा, मग काढून टाकून. निकाल इथे टाका.

उजनीकाठ:

चष्मेवाल्या काकांनी बराबर सांगितलं. मी इंदापूर तालुक्यातला, चुलत्यांची होडी आहे, सीझनला मीबी पाव्हण्यांना घेऊन जातो. आमच्या बाजूनं थोडं सांगतो.

पयलं म्हंजी अकराला होडीत बसायचंच नाही. उजाडताना पाण्यात पाहिजे. पुण्याहून शंभरेक किलोमीटर हाय, पहाटे निघालं तर जमतं. न्हायतर आदल्या रात्री मुक्काम करा, गावात राहायची-जेवायची सोय हाय.

दुसरं, तारीख बघून येऊ नका, पाणी बघून या. फ्लेमिंगोला गुडघाभर पाणी आणि खाली गाळ लागतो. पाऊस दणकून झाला अन् धरण काठोकाठ असलं की उथळ जागाच राहत नाही. त्या वर्षी डिसेंबरात येऊन लोक हिरमुसून जातात. पाणी उतरायला लागलं की गाळ उघडा पडतो अन् थवे उतरतात, मग फेब्रुवारी-मार्चात या. १९८० ला धरण पुरं झालं तेव्हा इथली गावठाणं पाण्याखाली गेली, पळसदेवचं जुनं देऊळ अजून पाणी हटलं की वर दिसतं. आमच्या आज्याच्या रानात आता हे पक्षी चरतात.

तिसरं, नावाड्याला "अजून जवळ घे, अजून जवळ घे" म्हणत बसू नका. होडी सरळ पक्ष्यावर नेली की तो उठतोच. लांबवरच इंजिन बंद करायचं, मग बांबूनं ढकलत तिरकं तिरकं जायचं, जसं काय आपण दुसरीकडंच निघालोय. चरणाऱ्या फ्लेमिंगोची मान खाली असते. चार-दोन माना वर झाल्या की थांबा. सगळ्या माना वर अन् सगळे एका दिशेनं चालायला लागले, म्हंजी पुढच्या मिनिटाला उठणार. तेव्हा मागं सरकायचं. थांबून गप बसलं तर तेच चरत चरत आपल्याकडं येतात. शंभर मीटरवर हट्ट करणाऱ्यांना शंभरच मिळतं, गप बसणाऱ्याला चाळीसवरबी मिळतं. तुमचा नावाडी चांगला व्हता बघा, पुढं नेईना म्हणाला ते.

ट्रायपॉड होडीत आणू नका. होडी हलते तसा तोबी हलतो अन् जागा खातो. कापडी पिशवीत ज्वारी न्हायतर तांदूळ भरून, शिवून घ्या अन् होडीच्या काठावर ठेवा. त्याच्यावर लेन्स टेकवून तळात बसा. उभं राहायचं नाही, पक्षीबी बिचकतो अन् होडीबी. खाली बसलं की कॅमेरा पाण्याला जवळ जातो, फोटोत पलीकडचं पाणी नुसतं रंगाचं दिसतं.

शटरवाला:

उजनीकाठ, एक नंबर माहिती. पण चष्मेकाका, हवेवर सगळं ढकलून लेन्सला सोडून देऊ नका. हिशोब मांडतो.

मोठा फ्लेमिंगो उभा साधारण १.४ मीटर धरू. शंभर मीटरवरून तीनशेने सेन्सरवर त्याची उंची येते ४.२ मिलिमीटर. डी५६०० चा सेन्सर १५.६ मिलिमीटर उंच, त्यावर ४००० पिक्सेल. म्हणजे अख्खा पक्षी हजारेक पिक्सेलमध्ये. त्यात डोक्याला किती मिळणार? हाताच्या बोटावर मोजण्याइतके म्हणत नाही, पण फार नाहीत. पाचशेने तोच पक्षी १८०० पिक्सेल. फरक डोळ्यांना दिसतो.

जुना_चष्मा:

हिशोब बरोबर, आता तोच पुढे न्या. तीनशेनेच पण पन्नास मीटरवरून काढला तर दोन हजार पिक्सेल, पस्तीसवरून तीन हजार. तुमची पाचशे शंभर मीटरवरून जेवढं देते त्याहून जास्त, आणि मध्ये हवा निम्मी किंवा त्याहून कमी. लांब लेन्सचा खरा उपयोग लहान पक्षी जवळून काढताना होतो. वीस मीटरवरचा गप्पीदास, झुडपातला वटवट्या, तिथे तीनशे खरंच अपुरी पडते. लांबचा पक्षी जवळ आणायला म्हणून लेन्स घेणारे निराश होतात.

सईची_आई:

मी वेगळ्याच पंथातली. माझ्याकडे निकॉन पी९५० आहे, ब्रिज कॅमेरा. ८३ पट झूम, २००० एमएमच्या तोडीचं दृश्य, वजन किलोभर. मुलीला शाळेत सोडून ठाण्याच्या खाडीकडे जाते तेव्हा खांद्याला असतो. चेष्टा करायची तेवढी करा, पण पक्षी ओळखायला, पायातल्या कड्याचा नंबर वाचायला त्याच्यासारखं काही नाही. वादातली ओळख असेल तर मोठ्या लेन्सवालेच म्हणतात, ताई तुमच्या कॅमेऱ्यातून बघा ना.

मर्यादा आहेतच. सेन्सर नखाएवढा, त्यामुळे सकाळच्या अंधुक उजेडात आयएसओ ८०० च्या वर पिसांचा चिखल होतो. उडता पक्षी जवळजवळ नाहीच, झूम करेपर्यंत तो बेलापूरला पोचलेला असतो. बसलेला पक्षी, चांगला उजेड, टेकू, असं असेल तर मात्र इतक्या पैशांत मी समाधानी आहे.

आणि खाडीवाल्यांसाठी: इथे घड्याळापेक्षा भरती-ओहोटीचं कोष्टक बघायचं. पूर्ण ओहोटीला पक्षी चिखलावर लांबवर पांगतात, काठावरून ठिपके दिसतात. भरती चढायला लागली की पाणी त्यांना काठाकडे ढकलत आणतं. भरतीची वेळ सकाळच्या उन्हाशी जुळणारे दिवस महिन्यात मोजकेच मिळतात, ते आधी शोधून ठेवा. ऐरोलीच्या बोटफेऱ्याही भरतीच्या वेळा बघूनच सुटतात.

मांडवीकाठी:

गोव्याहून दोन पैसे. आमच्याकडे जुवारीत खारफुटीच्या कडेने बोटीतून खंड्यांचे फोटो काढतात. ब्लॅक-कॅप्ड, कॉलर्ड, स्टॉर्क-बिल्ड, नशीब असलं तर एका सकाळी तिन्ही. खारफुटीच्या आत अंधार, पक्ष्याच्या छातीवर ऊन. कॅमेरा अंधार बघून फोटो उजळवतो आणि पांढरा गळा जळून जातो. तिथे एक्स्पोजर सरळ उणे एक स्टॉप, म्हणजे उजेड निम्मा. उलट, मोकळ्या आभाळासमोर घार असेल तर कॅमेरा आभाळ बघून फोटो काळा करतो, तिथे अधिक एक किंवा त्याहून थोडं जास्त.

दुसरं पावसाचं. जून ते सप्टेंबर कोकणात आणि गोव्यात लेन्स कपाटात ठेवली की बुरशी आलीच म्हणून समजा. चामड्याच्या केसमध्ये तर मुळीच ठेवू नका. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि आर्द्रतेचा छोटा काटा. ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये ठेवा. जेलचा रंग बदलला की ते गरम करून पुन्हा वापरता येतं. पंधरवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून उन्हाच्या उजेडात वापरा, वापरातल्या लेन्सला बुरशी कमी धरते.

हडपसरी:

भरभरून लिहिताय, आभारी आहे. नंबरप्लेटची चाचणी उद्या सकाळी करतो.

तोवर एक. उडत्या पक्ष्यांचं काय करायचं? कवडीपाटला नदीसुरय डोक्यावरून जातात, माझा फोकस मागच्या झाडावर जातो. आणि बगळा उडाला की पंख नुसता पांढरा डाग. मांडवीकाठींचं उणे एक समजलं, पण बगळा झाडावरून आभाळात आणि आभाळातून पाण्यावर जातो, तेवढ्यात चाक कुठे फिरवत बसू?

कमळपक्षी:

फिरवायचंच नाही. ऊन स्थिर असेल तर बगळ्यावर पडणारा उजेड तो कुठेही गेला तरी तोच असतो, मागचं बदलतं. म्हणून पूर्ण मॅन्युअल, आयएसओ ऑटो बंद. उन्हात बसलेला एखादा बगळा शोधा, फोटो काढा, हायलाइटचा इशारा (जळलेला भाग लुकलुकतो तो) लावून बघा. पंखावर लुकलुकलं तर एक-दोन टिचक्या कमी करा. लुकलुक थांबली की सेटिंगला हात लावू नका. चांगल्या सकाळच्या उन्हात १/२०००, एफ/६.३, आयएसओ ५०० ते ८०० च्या आसपास कुठेतरी येईल. ढग आला की पुन्हा बघा. ढगांची धावपळ असेल तेव्हाच ऑटो आयएसओ.

फोकससाठी एएफ-सी (सतत फोकस), आणि एरियाला डायनॅमिक ९ पॉइंट. ३९ पॉइंट लावलंत तर तुमचा कॅमेरा झाडाच्या प्रेमात पडणारच. फोकस शटरच्या बटणावरून काढून मागच्या एई-एल/एएफ-एल बटणावर टाका, डी५६०० मध्ये ती सोय सेटिंगमध्ये आहे. अंगठा दाबून ठेवला की फोकस चालू, सोडला की आहे तिथे थांबतो. पक्षी फांदीआड गेला तर अंगठा उचला. आणि पक्षी लांब असतानाच व्ह्यूफाइंडरमध्ये घ्या, त्याच्याबरोबर कंबरेतून वळत राहा, जवळ आल्यावर शटर. डोक्यावर आल्यावर कॅमेरा उचलणाऱ्याला नदीसुरयाची शेपटीच मिळते. तुमच्या बॉडीत सेकंदाला पाच फ्रेम आहेत आणि रॉमध्ये बफर लवकर भरतो, तेव्हा बोट दाबून धरू नका, तीन-तीनचे छोटे झटके द्या.

सगळ्यात मोठी गोष्ट मात्र कॅमेऱ्यात नाही. वारा. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उडतो आणि वाऱ्याकडे तोंड करूनच उतरतो. मोठे पक्षी तर नक्कीच, चित्रबलाक, पट्टकादंब, फ्लेमिंगो, कुणीही घ्या. मग सकाळी ऊन पाठीशी आणि वाराही पाठीकडून येत असेल, तर उडणारा प्रत्येक पक्षी तुमच्याकडे चेहरा करून, उन्हात न्हाऊन येणार. वारा समोरून असेल तर दिवसभर पाठीचे फोटो. होडी कुठल्या बाजूला लावायची हे मी चिमूटभर सुकी माती उडवून ठरवते, नावाडी हसतो पण ऐकतो.

आणि सवयी बघा. वेडा राघू तारेवरून किंवा काटकीवरून झेपावतो, माशी पकडतो आणि बहुतेक वेळा त्याच काटकीवर परत येतो. तिथेच ती माशी आपटून आपटून मारतो, मधमाशी असेल तर घासून तिचा डंख काढतो. मग त्याच्या मागे धावायचं कशाला? काटकीवर फोकस धरून ठेवा, १/३२०० ठेवा, तो उतरताना पंख फाकवतो तो क्षण घ्या. नीलपंखही असाच. शिकारी पक्षी उडण्याआधी पुष्कळदा शिटतो, शेपटी उचलली की बोट तयार ठेवा. खंड्या सूर मारण्याआधी डोकं वरखाली करतो.

नवा_भिडू:

मस्त धागा. माझी एक टीप: ब्लूटूथ स्पीकर ठेवा. अ‍ॅपवर आवाज लावला की स्वर्गीय नर्तक दोन मिनिटांत समोर येतो. सिंहगडच्या दरीत मला असाच फ्रेमभर मिळाला. भिगवणला होडीतून मासे टाकायला सांगा, कुरव पक्षी अगदी हाताशी येतात.

कमळपक्षी:

भिडू, तो समोर का येतो ते माहीत आहे का? आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं त्याला वाटतं. खाणं सोडून, पिलं सोडून तो भांडायला येतो, भांडायला कुणीच नसतं, आणि तुमचा स्पीकर चालूच असतो. त्या दरीत वीणीच्या हंगामात शनिवारी-रविवारी असे किती जण येतात, हिशोब करा. त्या पक्ष्याने दिवसभर करायचं काय?

नवा_भिडू:

अहो पण गाइडच लावतात. मी तर पाच मिनिटंच लावलं. आणि मग हाइडमध्ये (लपून बसायच्या आडोशात) पाणी-दाणे ठेवून फोटो काढतात ते चालतं?

कमळपक्षी:

पाच मिनिटं तुमची. तुमच्या मागचा पुन्हा पाच लावतो.

हाइडचा प्रश्न रास्त आहे. पाणवठ्यावर पक्षी स्वतःच्या गरजेला येतो, लपून बसलेला माणूस त्याला दिसत नाही, निघून जायची मोकळीक त्याला आहे. मला त्यात फार वावगं वाटत नाही. जिवंत किडे टाचणीला टोचून फांदीवर लावणारेही आहेत, त्यांच्याशी माझं जमत नाही. घरट्याचे फोटो मी काढत नाही आणि इथे कुणी टाकले तर कौतुकही करत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांच्या घरट्यांना आणि अंड्यांना उपद्रव देणं येतं. टिटवीचं उदाहरण घ्या. ती उघड्या जमिनीवर अंडी घालते, एप्रिलच्या उन्हात अंड्यांवर सावली धरून उभी राहते, पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणून अंडी गार ठेवते. आपण फोटोसाठी अर्धा तास जवळ बसलो की ती तेवढा वेळ बाजूला ओरडत फिरते. त्या अर्ध्या तासात अंड्यांचं काय होत असेल?

उजनीकाठ:

माशाचं बोलतो. पाव्हणे मागतात म्हणून काही होड्यांतून टाकतात, फरसाण टाकतानाबी बघितलंय. आम्ही बंद केलंय. आणि "थवा उडवा, फ्लाइट शॉट पाहिजे" हे सांगणारे तर दर रविवारी भेटतात. थवा उठला की सगळी सकाळ वाया जाते, मागून येणाऱ्या होड्यांनाबी काय मिळत न्हाय. उडताना पाहिजे तर चक्रवाक, कुरव आपसूक उडतच असतात की. भोवत्या (शिकारी पक्षी) सुटला की वारकरी पक्षी पाण्यावर पळत सुटतात, ते बघा, फुकटात मिळतं.

नवा_भिडू:

ठीक आहे, मुद्दा पोचला. घरट्याचं मलाही पटतं. स्पीकरबद्दल विचार करतो.

शटरवाला:

वादात एक राहिलं. मिररलेसवाल्यांसाठी: डोळा ओळखणारा ऑटोफोकस खरंच खेळ बदलतो, बसलेल्या पक्ष्याला तर आता फोकस पॉइंट हलवायचीही गरज राहत नाही. पण इलेक्ट्रॉनिक शटरचा मोह जपून. ज्या सेन्सरचा रीडआउट (चित्र वाचून घेणं) हळू आहे त्यावर वेगाने हलणारा पंख वाकडा येतो, रबराचा असल्यागत. उडत्या पक्ष्यांना मेकॅनिकल शटरच लावा, किंवा आधी चाचणी घ्या. बजेट कमी असेल तर कॅननची आरएफ ६०० एफ/११ एक किलोच्याही आत आहे, पण एफ/५.६ पेक्षा दोन स्टॉप अंधारी. जिथे ८०० आयएसओ चालला असता तिथे ३२०० लागणार. भिगवणच्या उन्हात चालेल, सिंहगडच्या झाडीत रडवेल. १.४ चा टेलिकन्व्हर्टर (लेन्सच्या मागे लावायचं वाढीव भिंग) लावला तरी तसंच, एक स्टॉप जातो. एफ/६.३ च्या झूमवर तो लावून एफ/९ करून बसायचं, त्यापेक्षा क्रॉप करा. लाइटरूममधला एआय डिनॉइज २०२३ पासून आहे, ३२०० चे फोटो तो छान सावरतो. मऊ फोटो कडक करायचं औषध मात्र त्याच्याकडे नाही, तो पिसं मनाने रंगवतो आणि ती ओळखू येतात.

हडपसरी:

चाचणी झाली. नंबरप्लेट अठरा पावलांवर. फिल्टरशिवाय स्क्रूवरचा गंजही दिसतोय. फिल्टर लावून त्याच अक्षरांना बारीक दुहेरी कड येते, २०० पर्यंत कमी, ३०० वर सरळ दिसते. म्हणजे हवाही होती आणि फिल्टरही. फिल्टर ड्रॉवरमध्ये टाकला, आता नुसता हूड.

भिगवणचे लागोपाठ काढलेले फोटोही पुढे-मागे करून बघितले. चष्मेकाका म्हणाले तसंच, दर फ्रेमला पाय वेगळीकडे वाकलाय.

पुढच्या आठवड्यात पहाटेच पोचायचं ठरवलंय. २००-५०० विकत न घेता दोन दिवस भाड्याने आणतो, दोन्ही लेन्सने एकाच पक्ष्याचे फोटो काढून तुलना करतो. प्रश्न एवढाच, सव्वादोन किलोची लेन्स होडीत हाताने सांभाळायची कशी? आणि व्हीआर नॉर्मल की स्पोर्ट?

जुना_चष्मा:

थरथरत्या होडीत आणि पक्ष्याबरोबर वळताना स्पोर्ट. नॉर्मलमध्ये व्ह्यूफाइंडरमधलं चित्र जास्त चिकटून राहतं पण वळताना झटके देतं. १/२००० च्या वर मी बंदही ठेवतो, मात्र यावर दोन फोटोग्राफरांचं एकमत झालेलं मी पाहिलेलं नाही.

कमळपक्षी:

कॉलर फिरवून पाय वरच्या बाजूला घ्या, म्हणजे लेन्सचं गोल अंग डाव्या तळव्यावर नीट बसतं. तळवा हूडच्या जवळ, पुढे. बॉडीपाशी धरलंत तर मनगट जातं. होडीच्या तळात मांडी न घालता एक गुडघा उभा करा आणि डावं कोपर गुडघ्याच्या पुढच्या मांसल भागावर टेकवा, वाटीवर नको, हाडावर हाड घसरतं. ज्वारीची पिशवी उजनीकाठांनी सांगितली तशीच, पण अर्धीच भरा, गच्च भरली तर लेन्स वरून घरंगळते. पट्टा लेन्सच्या कॉलरला अडकवून गळ्यात असू द्या, पाणी तिथे खोल नसलं तरी गाळातून लेन्स परत येत नाही. फोकस लिमिटरचा खटका लांबच्या बाजूला सरकवा, नाहीतर मध्येच एखादी काडी आली की फोकस पार जवळ येऊन परत जाईपर्यंत पक्षी गेलेला असतो.

उजनीकाठ:

ह्या आठवड्यात पाणी उतरायलंय, कुंभारगावच्या बाजूला गाळ दिसायला लागलाय, थवा डिकसळच्या अंगाला जास्त हाय. शनिवार-रविवार सोडून जमत असलं तर बुधवारी-गुरुवारी या, होड्यांची गर्दी नसते. पहाटे धुकं असलं तर घाई नको, ऊन वर येऊ द्या, मग होडी सोडू. ज्वारीची पिशवी आमच्याकडं हाय, ती आणू नका.